एफएमआरआयचा सिग्नल लॅपटॉपवर घडवताना

दूध संकलन केंद्रावरचा लॅक्टोमीटर बरोबर दाखवतोय की नाही, हे लोकांनी आणलेल्या दुधावर तपासता येत नाही. त्या दुधात पाणी किती, हेच तर आपल्याला ठाऊक नसतं. त्यासाठी चांगलं दूध घ्यायचं, त्यात आपल्या हाताने मोजून पाणी घालायचं आणि मग डिग्री किती उतरते ते बघायचं.

एफएमआरआय म्हणजे मेंदूचा कोणता भाग कधी कामाला लागतो हे टिपणारा एमआरआय. त्याचं सिम्युलेशन म्हणजे नेमकं हेच. स्कॅनरमध्ये झोपलेल्या माणसाच्या मेंदूचा कोणता भाग खरोखर कामाला लागला होता, हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. नकाशावर लाल ठिपका उमटतो, पण तो आपल्या विश्लेषणाने काढलेला असतो. विश्लेषण खरं बोलतंय का, हे पाहायचं तर उत्तर आधीच माहीत असलेला डेटा लागतो, आणि तो आपल्यालाच बनवावा लागतो.

हा लेख एमएस्सी किंवा बीईच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या, पायथन जेमतेम येणाऱ्या आणि स्कॅनरच्या वाऱ्यालाही उभं राहायला न मिळालेल्या वाचकासाठी आहे. साधा लॅपटॉप पुरतो. नमपाय, सायपाय, मॅटप्लॉटलिब आणि शेवटी फाइल साठवायला नायबेबल, एवढं टाकून ठेवा. कोड मी मुद्दाम दिलेला नाही. चिकटवलेला कोड चालतो, पण कळत नाही. त्याऐवजी बहुतेक पायऱ्यांना पडताळणीचे आकडे दिले आहेत. तुमचा आकडा जुळला तरच पुढे जा.

आधी थोडं रक्ताबद्दल

ऑक्सिजन सोडून दिलेलं हिमोग्लोबिन चुंबकाकडे ओढलं जातं आणि ऑक्सिजन धरलेलं ओढलं जात नाही, हे लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरयेल यांनी १९३६ मध्ये दाखवलं. पुढे १९९० मध्ये सेइजी ओगावा यांनी बेल लॅबमध्ये याच फरकाचा वापर करून मेंदूतल्या रक्ताचा ऑक्सिजन एमआरआयमध्ये दिसतो हे मांडलं. त्याला बोल्ड सिग्नल म्हणतात. एखादा भाग कामाला लागला की तिथे ऑक्सिजन जास्त खर्च होतो, पण त्याहून कितीतरी जास्त ताजं रक्त तिकडे धावतं. त्यामुळे ऑक्सिजन नसलेल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण घटतं, चुंबकीय गडबड कमी होते आणि सिग्नल वाढतो. किती? ३ टेस्लाच्या यंत्रावर साधारण एक-दोन टक्के. पुढची सगळी मारामारी या एक-दोन टक्क्यांसाठी आहे.

पहिली पायरी: रक्ताचा प्रतिसाद

मज्जापेशी मिलिसेकंदांत काम उरकतात. रक्त मात्र सरकारी फाइलीसारखं येतं: उशिरा, आणि आल्यावर लवकर जात नाही. एका क्षणिक घटनेला मिळणाऱ्या या संथ प्रतिसादाला हिमोडायनॅमिक रिस्पॉन्स म्हणतात. त्याचा सर्वांत रुळलेला आकार दोन गॅमा वक्रांच्या वजाबाकीतून मिळतो. पहिल्या वक्राचा शेप ६, दुसऱ्याचा १६, दोन्हींचा स्केल १, आणि दुसऱ्याचा सहावा हिस्सा पहिल्यातून वजा. एसपीएम या प्रसिद्ध सॉफ्टवेअरचे मूळ आकडे हेच आहेत. सायपायमधलं गॅमाचं घनता-फंक्शन वापरून ० ते ३२ सेकंदांपर्यंत, दर ०.१ सेकंदाला हा वक्र काढा.

पडताळणी: शिखर ५ सेकंदांना, उंची ०.१७५. दहाव्या सेकंदाला ०.०३२. तळ सोळाव्या सेकंदाच्या आसपास, उणे ०.०१५५. सगळ्या किमतींची बेरीज गुणिले ०.१ केली की ०.८३३ यायला हवं, कारण एकातून एक षष्ठांश गेला की पाच षष्ठांश उरतात. शिखर सहाव्या सेकंदाला आलं असेल तर शेप आणि शिखराची वेळ यांत तुमची गल्लत झाली आहे. गॅमा वक्राचं शिखर शेपच्या एक आधी येतं.

दुसरी पायरी: प्रयोगाचं वेळापत्रक

सोपा ब्लॉक डिझाइन घेऊ. २० सेकंद आराम, २० सेकंद काम (समजा उजव्या हाताची बोटं एकेक करून अंगठ्याला टेकवणं), अशी आठ आवर्तनं. एकूण ३२० सेकंद. स्कॅनर दर २ सेकंदांनी अख्ख्या मेंदूचं एक चित्र घेतो. या अंतराला टीआर म्हणतात. म्हणजे १६० चित्रं.

आता इथे नवशिके जी चूक करतात ती मीही केली होती. ही ०-१ची मालिका (आरामाला ०, कामाला १) थेट १६० बिंदूंची बनवून कन्व्होल्यूशन (प्रत्येक क्षणाचा रक्त-प्रतिसाद एकावर एक रचून केलेली बेरीज) करायचा मोह होतो. करू नका. मालिका ०.१ सेकंदाच्या जाळीवर बनवा (३२०० बिंदू), त्याच जाळीवर कन्व्होल्यूशन करा, निकालाला ०.१ ने गुणा, शेपूट कापून पुन्हा ३२०० बिंदू ठेवा आणि सगळ्यात शेवटी दर विसावा बिंदू उचला. ०.१ ने गुणायचं मी विसरलो होतो. सिग्नल दहापट मोठा आला आणि दोन दिवस मी माझी विश्लेषणपद्धत किती तीक्ष्ण आहे या आनंदात होतो.

पडताळणी: काम सुरू झाल्यापासून १२ सेकंदांनी शिखर, ०.९५४. विसाव्या सेकंदाला ०.८६ पर्यंत घसरण. बत्तिसाव्याला, म्हणजे काम थांबून १२ सेकंद झाल्यावर, उणे ०.१२. काम चालू असतानाच वक्र खाली का येतो, असं वाटलं तर तो दोष नाही. दुसऱ्या गॅमाची वजाबाकी तेव्हा अंमलात येते. आता पूर्ण मालिकेला ०.९५४ ने भागा, म्हणजे शिखर १ होईल. पुढे ‘१ टक्का वाढ’ म्हटलं की तिला नेमका अर्थ राहील.

हीच बारीक जाळी स्लाइसच्या (मेंदूच्या एकेका कापाच्या) वेळेसाठीही कामाला येते. अख्खा मेंदू एका क्षणात टिपला जात नाही. २ सेकंदांत एकामागून एक स्लाइस घेतल्या जातात, आणि शेवटची स्लाइस जवळपास २ सेकंद जुनी-नवी असते. ती दाखवायची तर उचलण्याचा पहिला बिंदू स्लाइसनुसार पुढे सरकवा, बस.

तिसरी पायरी: नॉइज, म्हणजे खरं काम

आतापर्यंतचं पाठ्यपुस्तकी होतं. सिम्युलेशनची लायकी ठरते ती नॉइजवरून, त्यामुळे इथे घाई करू नका.

व्हॉक्सेलची, म्हणजे चित्रातल्या एका इवल्या ठोकळ्याची, पायाभूत पातळी १००० धरा. कामाची वाढ १ टक्का, म्हणजे १० एकक. नॉइजचं प्रमाण विचलन १५. पातळी भागिले विचलन म्हणजे टीएसएनआर, तो इथे ६७ येतो. ३ टेस्लाला ३ मिलिमीटरच्या व्हॉक्सेलसाठी हे वास्तवाला धरून आहे. लक्षात घ्या, सिग्नल १० आणि नॉइज १५. आलेख काढून डोळ्यांनी पाहिलात तर ब्लॉक धड दिसणार नाहीत. दिसत असतील तर तुमचा मेंदू फारच आज्ञाधारक आहे.

सुरुवात साध्या पांढऱ्या नॉइजने करा, म्हणजे दर चित्राला स्वतंत्र, घंटाकृती वितरणातला आकडा. सीड (यादृच्छिक आकड्यांचा आरंभ-क्रमांक) ठरवून टाका, नाहीतर उद्या हाच निकाल पुन्हा मिळणार नाही. असे १००० व्हॉक्सेल बनवा आणि प्रत्येकावर दुसऱ्या पायरीतला वक्र व एक स्थिरांक घेऊन साधं रिग्रेशन लावा. टी-किमतींची (मोजलेली वाढ भागिले तिची अनिश्चितता) सरासरी ३.८ च्या आसपास यायला हवी. मग वाढ शून्य करून ५००० व्हॉक्सेल बनवा आणि ५ टक्क्यांच्या दुतर्फी कसोटीवर किती ‘सक्रिय’ निघतात ते मोजा. सुमारे २५०, पंधरा-तीस इकडे-तिकडे. हे जुळलं तर तुमची यंत्रणा नीट बसली आहे.

आता त्यात स्मृती घाला. खऱ्या एफएमआरआयमध्ये आत्ताचा नॉइज मागच्या नॉइजची री ओढतो. आजची किंमत म्हणजे कालच्या किमतीच्या ०.३ पट अधिक नवा धक्का. एकूण विचलन १५ च ठेवायचं असेल तर नव्या धक्क्याचं विचलन १५ गुणिले ०.९५४ हवं (हा ०.९५४ वेगळा, ०.३ च्या वर्गातून आलेला, मघाच्या शिखराशी त्याची गाठ योगायोगाची). हेच वाढ-शून्य ५००० व्हॉक्सेल पुन्हा चालवा, रिग्रेशन जुनंच. २५० च्या जागी सातशेच्या जवळपास व्हॉक्सेल सक्रिय म्हणून उभे राहतील. ५ टक्क्यांचं आश्वासन देणारी कसोटी १४ टक्क्यांच्या घरात खोटं बोलते आहे, आणि मेंदूत काहीही झालेलं नाही.

माझ्या मते या एका प्रयोगासाठीसुद्धा सिम्युलेशन शिकावं. ‘स्वसहसंबंध (म्हणजे हीच स्मृती) काढून टाकावा’ हे वाक्य पुस्तकात दहादा वाचून जे उतरत नाही, ते हे सातशे ठिपके पाहिल्यावर उतरतं.

पुढचा थर ड्रिफ्टचा. यंत्र तापतं, माणूस सैलावतो, पातळी हळूहळू सरकते. विश्लेषणात हे सहसा कोसाइन वक्रांनी काढतात. एसपीएममध्ये मूळ मर्यादा १२८ सेकंदांची असते, म्हणजे आपल्या ३२० सेकंदांच्या मालिकेला पाच कोसाइन. म्हणूनच ड्रिफ्ट बनवताना कोसाइन वापरू नका. आपणच पेपर काढायचा, आपणच सोडवायचा आणि आपणच तपासायचा, तर शंभरपैकी शंभर मिळणारच. ड्रिफ्टसाठी रँडम वॉक घ्या: दर चित्राला १ एकक विचलनाची पावलं. १६० पावलांत तो साधारण १२-१३ एकक भटकतो, म्हणजे आपल्या सिग्नलहून जास्त.

मग हृदय आणि श्वास. इथे एक मौज आहे. दर २ सेकंदांनी एक चित्र म्हणजे ०.२५ हर्ट्झच्या वरचं काहीच नीट दिसत नाही. त्याहून जलद गोष्ट वेष बदलून खाली येते. मिनिटाला ७२ ठोके म्हणजे १.२ हर्ट्झ, ते ०.२ हर्ट्झवर उतरतं. फार त्रास नाही. पण ठोके ६१.५ असतील तर? १.०२५ हर्ट्झ, आणि ते उतरतं बरोबर ०.०२५ हर्ट्झवर. आपलं काम-आराम चक्र ४० सेकंदांचं, म्हणजे तेही ०.०२५. हृदयाचा ठोका बोटांच्या हालचालीचा आव आणून उभा! खरा ठोका इतका घड्याळी नसतो, त्यामुळे ही चोरी पसरट होते. तुम्हीही ठोक्याची गती दर क्षणी थोडी हलती ठेवा. हे सगळं ०.१ सेकंदाच्या जाळीवर बनवून मग उचला. थेट टीआरवर बनवलंत तरी गणिताने वेषांतर तेच होईल, पण हलती गती आणि स्लाइसचा फरक हातून सुटेल.

श्वासाचंही तसंच, ०.३ हर्ट्झच्या आसपास.

चौथी पायरी: एका रेषेतून चित्राकडे

६४ गुणिले ६४ ची एक स्लाइस घ्या. मधे लंबवर्तुळ म्हणजे मेंदू, आत १०००, बाहेर शून्य. डाव्या बाजूला, वरच्या अंगाला चार-पाच व्हॉक्सेल रुंदीचा गोल ठेवा (उजवा हात, डावा मेंदू). त्या गोलात वाढ १ टक्का, बाकी मेंदूत शून्य. हा गोल वेगळ्या फाइलमध्ये जपून ठेवा. तुमचं ‘मोजून घातलेलं पाणी’ तेच.

नॉइज दोन भागांत वाटा. शरीराचा नॉइज (स्मृतीवाला) विचलन १२, फक्त मेंदूच्या आत. यंत्राचा नॉइज विचलन ९, सगळीकडे. वर्गांची बेरीज २२५, म्हणजे एकूण पुन्हा १५. यंत्राचा नॉइज मात्र सरळ मिळवायचा नाही. एमआरआयचं चित्र म्हणजे दोन वाहिन्यांवरून काढलेलं परिमाण असतं. म्हणून एका वाहिनीत सिग्नल अधिक नॉइज, दुसरीत नुसता नॉइज, आणि दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ. मेंदूच्या आत याने फारसा फरक पडत नाही, बाहेर मात्र पार्श्वभूमी शून्य न राहता सरासरी ११.३ आणि विचलन ५.९ दाखवते. तसं दाखवत असेल तर पायरी बरोबर.

शरीराचा नॉइज शेजारच्या व्हॉक्सेलांत सारखाच असतो, म्हणून तो अवकाशात गुळगुळीत करावा लागतो. इथे दोन खड्डे आहेत. ‘६ मिलिमीटरचा फिल्टर’ म्हणतात तेव्हा ती वक्राची अर्ध्या उंचीवरची रुंदी असते, सायपाय मागतं सिग्मा, म्हणजे प्रमाण विचलन. ६ भागिले २.३५५, मग ३ मिलिमीटरच्या व्हॉक्सेलाने भागलं की ०.८५ व्हॉक्सेल. थेट २ टाकलंत तर चित्र दुप्पटीहून जास्त धुरकट होईल. दुसरा खड्डा असा की गुळगुळीत केल्यावर नॉइज आकसतो. दोन मितींत तो मूळच्या ०.३३ पट उरतो. १२ चे ४ होतात. पुन्हा १२ वर आणायला विसरलात तर तुमची पद्धत फुकटात तिप्पट हुशार दिसेल.

हालचालीचं एकच उदाहरण देतो, कारण त्यातच सगळं आलं. मेंदूच्या कडेचा ३ मिलिमीटरचा व्हॉक्सेल आणि डोकं सरकलं अर्धा मिलिमीटर. व्हॉक्सेलाचा सहावा हिस्सा मेंदूतून हवेत गेला, म्हणजे १६७ एककांचा फरक. आपला सिग्नल १० एककांचा. बोटं हलवताना माणसाचं डोकंही तालात हलत असेल, तर कडेला सुंदर, चमकदार आणि संपूर्ण खोटा पट्टा उमटेल. सायपायचं सरकवण्याचं फंक्शन घ्या, कामाच्या ब्लॉकांत ०.२ मिलिमीटर सरकवा आणि स्वतः बघा.

गुळगुळीत नॉइजनेच घात केला, ती गोष्ट

अँडर्स एक्लुंड, थॉमस निकोल्स आणि हान्स क्नुटसन यांनी २०१६ मध्ये एक तपासणी प्रसिद्ध केली. त्यांनी नॉइज संगणकावर बनवला नाही. ४९९ निरोगी माणसांचा नुसता पडून असतानाचा खरा डेटा घेतला, त्यावर न झालेल्या प्रयोगांची वेळापत्रकं लावली आणि सुमारे ३० लाख गट-विश्लेषणं चालवली. निष्कर्ष ५ टक्के वेळा चुकायला हवा होता. क्लस्टरवर (शेजारी-शेजारी सक्रिय दिसणाऱ्या व्हॉक्सेलांच्या पुंजक्यांवर) आधारलेल्या काही पद्धतींत ही चूक ७० टक्क्यांपर्यंत गेली. एक प्रमुख कारण म्हणजे त्या पद्धतींनी शेजारच्या व्हॉक्सेलांमधलं साम्य घंटाकृती वक्राप्रमाणे झपाट्याने विरतं असं धरलं होतं. खऱ्या मेंदूत ते लांबवर रेंगाळतं.

आता वरची चौथी पायरी पुन्हा वाचा. आपण नॉइज घंटाकृती फिल्टरनेच गुळगुळीत केला! म्हणजे त्या सदोष पद्धती आपल्या सिम्युलेशनमध्ये सुखाने पास झाल्या असत्या. यावर उपाय आहे. दोन वेगवेगळ्या रुंदीचे नॉइज मिसळा, एक ६ मिलिमीटरचा आणि एक १५-२० चा, म्हणजे शेपूट लांबेल. त्याहून चांगलं म्हणजे कोणीतरी खुला ठेवलेला पडून असतानाचा खरा डेटा घ्या आणि त्यात फक्त आपला सिग्नल मिसळा. खरं दूध, मोजलेलं पाणी. जमत असेल तर मी नेहमी हाच मार्ग धरायला सांगेन.

पद्धतीला अडचणीत आणा

आता सिग्नल बनवताना आणि शोधताना वेगळे आकार वापरा. बनवताना रक्ताचा प्रतिसाद २ सेकंद उशिरा येऊ द्या, शोधताना पाठ्यपुस्तकी ठेवा. आपल्या २०-२० च्या ब्लॉकमध्ये वाढ फक्त ५ ते ७ टक्क्यांनी कमी मोजली जाईल. ब्लॉक डिझाइन असं उदार असतं. तोच २ सेकंदांचा फरक सुट्या, क्षणिक घटनांच्या डिझाइनमध्ये करून पाहा, नुकसान बरंच जास्त दिसेल. प्रयोग आखणाऱ्याला हे आधी कळलं तर स्कॅनरचे महागडे तास वाचतात.

ज्यांना दोन गॅमा पुरत नाहीत त्यांच्यासाठी

गॅमा वक्र हा नुसता आकार आहे. त्यात शरीर नाही. रिचर्ड बक्स्टन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये शिरा फुग्यासारख्या फुगतात या कल्पनेवर बलून मॉडेल मांडलं, आणि २००० मध्ये कार्ल फ्रिस्टन यांच्या गटाने त्याला मज्जापेशींच्या कामाशी जोडलं. चार राशी: स (रक्तवाहिनी सैल करणारा संकेत), फ (रक्तप्रवाह), व (शिरांचं आकारमान), क (ऑक्सिजन नसलेलं हिमोग्लोबिन). उ म्हणजे मज्जापेशींचं काम. रुळलेल्या आकड्यांसह समीकरणं अशी:

स चा वेग = उ − ०.६५ × स − ०.४१ × (फ − १)
फ चा वेग = स
व चा वेग = (फ − व^(१/०.३२)) ÷ ०.९८
क चा वेग = (फ × ओ ÷ ०.३४ − व^(१/०.३२) × क ÷ व) ÷ ०.९८
ओ = १ − ०.६६^(१/फ)
सिग्नल = ०.०२ × [२.३८ × (१ − क) + २ × (१ − क ÷ व) + ०.४८ × (१ − व)]

सुरुवातीला स शून्य, बाकी तिघं १. पाऊल ०.०१ सेकंदाचं घ्या आणि साध्या ऑयलर पद्धतीने पुढे सरका. चारही वेग आधी काढून मग चारही राशी बदला. एकेक बदलत गेलात तर अर्ध्या जुन्या, अर्ध्या नव्या किमतींची खिचडी होते.

पडताळणी: उ ला ०.२ वर ६० सेकंद धरून ठेवा. थोडे हेलकावे खाऊन फ १.४८८ वर, व १.१३६ वर आणि क ०.८१४ वर स्थिरावेल. सिग्नल १.८९ टक्के. शेवटच्या ओळीतले गुणक १.५ टेस्लाच्या यंत्रासाठीचे आहेत. ३ टेस्लाचा दावा करायचा असेल तर ते बदलावे लागतात. उ दुप्पट केला की सिग्नल दुप्पट होत नाही, हेही करून पाहा. गॅमा वक्राला ही गोष्ट कधीच दाखवता येत नाही.

तयार साधनंही आहेत. आर वापरणाऱ्यांसाठी न्यूरोसिम, पायथनमध्ये ब्रेनआयएकेमधलं एफएमआरआयसिम, आणि स्कॅनरच्या भौतिकशास्त्रापासून सुरुवात करणारं एफएसएल या सॉफ्टवेअरमधलं पॉसम. पॉसम चालवायला वेळ आणि संयम दोन्ही लागतात; चुंबकीय क्षेत्राची विकृती किंवा हालचाल हाच अभ्यासविषय असेल तरच त्याच्या वाटेला जा. वरच्या पायऱ्या हाताने केल्या असतील तर या साधनांतला प्रत्येक पर्याय काय मागतोय ते कळेल.

साठवताना

नायबेबलने चार मितींची निफ्टी (मेंदूच्या चित्रांसाठी रुळलेल्या स्वरूपाची) फाइल लिहा. हेडरमध्ये व्हॉक्सेलचा आकार ३ मिलिमीटर आणि चौथ्या मितीत टीआर २ सेकंद हे स्वतः भरा. न भरल्यास टीआर १ धरला जातो आणि पुढचं सॉफ्टवेअर तक्रार न करता चुकीचं उत्तर देतं. सोबत एका साध्या मजकूर फाइलमध्ये सीड, वाढीचा टक्का, नॉइजचे सगळे आकडे आणि त्या गोलाची जागा लिहून ठेवा.

मग डेटाची फाइल आणि वेळापत्रक एखाद्या मित्राला द्या आणि त्याला सिग्नल शोधायला सांगा. मजकूर फाइल देऊ नका. दोन-तीन फाइलींमध्ये वाढ शून्य ठेवा आणि तेही सांगू नका.